राखणदाराचें मोल

एखाद्या ग्रंथाचें परीक्षण तो प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं केलें पाहिजे, असा परीक्षणकारांचा सामान्य समज आहे. या रूढीमुळें ताज्या पुस्तकांचा समाचार वेळेवर घेतला जातो हें खरें. परंतु ज्या ग्रंथांत जगाच्या एखाद्या व्यवहाराविषयीं सिद्धांत मांडलेला असतो, त्याच्या बाबतींत ही घाई न्यायाची होत नाहीं. सिद्धांताची कसोटी पुढें घडणाऱ्या घटनांनीं लागते, आणि घटना कांहीं प्रकाशकाच्या सोयीनें घडत नाहींत. मायकेल लुइस या अमेरिकन लेखकाचें "द ब्लाइंड साइड" हें पुस्तक २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर चौदा वर्षांनीं, २०२० च्या एप्रिल महिन्यांत, अमेरिकन फुटबॉलच्या दोन संघांमध्यें एका अनुभवी खेळाडूचा सौदा झाला. तो सौदा म्हणजे या पुस्तकावरील एक भाष्यच होय. त्या सौद्याच्या उजेडांत पुस्तक पुन्हा वाचावें आणि त्यांतील काय टिकतें व काय टिकत नाहीं हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों त्याशीं या खेळाचें नांवापलीकडे फारसें साम्य नाहीं. चेंडू लांबट; तो हातांत घेऊन पळावयाचें किंवा हातानें फेंकावयाचा. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं होतो. चाल करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्या पुढें पांच धिप्पाड गड्यांची एक फळी उभी असते: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन गार्ड, आणि दोन टोकांना दोन टॅकल. पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार या पांचांना सामान्यतः नसतो. आपल्या सूत्रधाराला दोन-तीन सेकंदांचा अवकाश मिळवून देणें, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठीं वाट मोकळी करणें, एवढेंच त्यांचें काम. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला म्हणजे चेंडू फेंकतांना त्याची पाठ डावीकडे होते. तीच त्याची आंधळी बाजू, आणि तिची राखण डाव्या टॅकलकडे असते.

या राखणदाराच्या कामाचा विशेष असा कीं, तें जितकें चांगलें तितकें अदृश्य. समालोचक त्याचें नांव घेतो तें बहुधा त्यानें प्रतिपक्षाच्या गड्याला नियमाविरुद्ध धरून ठेवलें आणि संघाला दहा यार्डांचा दंड झाला म्हणजे. क्वार्टरबॅकला चेंडूसह खालीं पाडणें हा जो पराक्रम, त्याची प्रत्येक खेळाडूच्या नांवावर अधिकृत नोंद १९८२ पासून होऊं लागली. परंतु तो पराक्रम होऊं न देणाऱ्याच्या नांवावर नोंदावें असें कांहींच नसतें. पाडणाऱ्याला आंकडा आहे, राखणाऱ्याला नाहीं. आपल्या संगीत नाटकांत गवयाच्या तानेला टाळ्या पडतात, आणि तबलजीकडे श्रोत्यांचें लक्ष जातें तें त्याचा ठेका चुकला तरच. तशांतलाच हा प्रकार आहे.

या अदृश्य माणसाला लुइस यांनीं दृश्य केलें, हें त्यांचें पहिलें व मोठें श्रेय होय. पुस्तकाचा आरंभ १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं होतो. वॉशिंग्टनच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स संघाशीं सामना चालला असतां लॉरेन्स टेलर हा गडी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याच्यावर मागून झेंपावला. थाइसमनचा पाय मोडला, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्याचा खेळ कायमचा संपला. लक्षावधि लोकांनीं दूरचित्रवाणीवर तो पाय मोडतांना पाहिला. लुइस मात्र प्रश्न विचारतात तो जो माणूस त्या चित्रांत नाहीं त्याच्याविषयीं. वॉशिंग्टनचा नेहमींचा डावा टॅकल जो जेकोबी त्या रात्रीं दुखापतीमुळें मैदानाच्या कडेला होता. एका गैरहजर माणसापासून आरंभ करून संपूर्ण खेळाचा इतिहास उलगडण्याची ही युक्ति केवळ चातुर्याची नाहीं; विषयाच्या स्वभावांतूनच ती निघालेली आहे. ज्याचें अस्तित्व त्याच्या अभावानेंच कळतें, त्याची कथा अभावापासूनच सुरू व्हावी हें उचित आहे.

पुढील प्रकरणांत इतिहासाचा धागा सॅन फ्रान्सिस्कोकडे वळतो. तेथील प्रशिक्षक बिल वॉल्श यांनीं थोड्या अंतराच्या, आधीं नेमून ठेवलेल्या फेंकींची एक पद्धति बसविली. तिच्यामुळें चेंडू फेंकण्याच्या खेळाला महत्त्व आलें. फेंकणारा मौल्यवान् झाला. आणि टेलरसारखे वेगवान् गडी त्याच्यावर तुटून पडूं लागल्यावर त्याचा राखणदारहि मौल्यवान् झाला. १९७८ सालीं नियम बदलून फळींतल्या गड्यांना हात पसरून व पंजे उघडे ठेवून प्रतिपक्षाला अडविण्याची मुभा मिळाली होती. त्यामुळें या कामाचें तंत्रहि बदललें. ३ जानेवारी १९८२ च्या सामन्यांत वॉल्श यांनीं जॉन एअर्स या आपल्या गार्डला टेलरच्या वाटेवर नेमलें, आणि सॅन फ्रान्सिस्कोनें जायंट्सना ३८-२४ असें हरविलें. परंतु दर वेळीं अशी तडजोड पुरी पडणारी नव्हती. खास त्याच कामाचा माणूस हवा होता, आणि त्याची किंमत अजून कोणी केलेली नव्हती.

ही किंमत ठरली ती १९९३ सालीं. त्या वर्षीं खेळाडूंना मुदत संपल्यावर दुसऱ्या संघाशीं करार करण्याचें मोठें स्वातंत्र्य मिळालें, आणि बफेलोचा डावा टॅकल विल वोलफर्ड याला इंडियानापोलिसनें तीन वर्षांसाठीं ७६ लाख ५० हजार डॉलर देऊं केले. त्या करारांत असें एक कलम होतें कीं, चाल करणाऱ्या बाजूंत त्याच्यापेक्षां अधिक वेतन संघांतील कोणालाहि असतां कामा नये. बफेलोला आपल्या क्वार्टरबॅकमुळें ही अट पाळणें अशक्य होतें. फळींतल्या गड्याला सूत्रधाराच्या बरोबरीचें वेतन, ही कल्पनाच तोंवर कोणी केली नव्हती. हा सर्व भाग लुइस यांनीं फार चांगला लिहिला आहे. रोखेबाजारांत कांहीं वर्षें काढलेला हा लेखक. "लायर्स पोकर" (१९८९) व "मनीबॉल" (२००३) हीं त्याचीं आधींचीं पुस्तकें. बाजारांत एखाद्या गोष्टीची किंमत चुकीची लावली जाते, आणि कोणीएक शहाणा ती चूक ओळखतो, हें त्याच्या लेखनाचें आवडतें सूत्र आहे. डाव्या टॅकलच्या इतिहासाला तें सूत्र हुबेहूब लागू पडतें, म्हणून येथें त्याची लेखणी सैल व निर्धास्त चालते.

पुस्तकाचा दुसरा धागा मायकेल ओहर या मुलाचा. मेम्फिस शहरांतील अत्यंत दरिद्री वस्तींत वाढलेला हा कृष्णवर्णी मुलगा ब्रायरक्रेस्ट या ख्रिस्ती शाळेंत येतो. टूही नांवाचें एक सधन गोरें कुटुंब त्याला घरांत घेतें. आणि त्याचा अवाढव्य तरीहि चपळ देह पाहून विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्यामागें लागतात. बाजाराला जसा देह हवा होता तसा देह या मुलाला मिळालेला होता, असा दोन धाग्यांचा सांधा लुइस जुळवितात. टूही हे त्यांचे शाळासोबती. त्यामुळें घरांतलीं बोलणीं, जेवणें, अभ्यास यांचीं चित्रें जवळून काढलेलीं आहेत आणि तीं वाचनीयहि आहेत. २००९ सालीं याच कथेवर चित्रपट निघाला व त्यांतील प्रमुख नटी सँड्रा बुलक यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें.

आतां त्या सौद्याकडे वळूं. ट्रेंट विल्यम्स यांना वॉशिंग्टनच्या संघानें २०१० सालच्या निवडींत चौथ्या क्रमांकावर घेतलें होतें. २०१२ पासून २०१८ पर्यंत सलग सात वर्षें त्यांची प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठीं निवड झाली. त्यांच्या डोक्याच्या कातडीवर एक गांठ होती. २०१९ च्या आरंभीं ती शस्त्रक्रियेनें काढली गेली, आणि ती कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराची निघाली. ही गांठ सहा वर्षांपूर्वींच लक्षांत आली होती, संघाच्या वैद्यकीय मंडळींनीं ती किरकोळ म्हणून सांगितली होती, असें विल्यम्स यांनीं पुढें जाहीरपणें सांगितलें. संघानें वैद्यकीय कागदपत्रांच्या स्वतंत्र तपासणीची मागणी केली. विल्यम्स संघांत येईनात. दुसरीकडे पाठवा म्हणूं लागले. सौद्यांची मुदत संपण्याच्या दिवशीं, २९ ऑक्टोबर २०१९ रोजीं, ते हजर झाले. परंतु शस्त्रक्रियेच्या जागीं शिरस्त्राण बसेना. तें सबंध वर्ष ते खेळले नाहींत.

इकडे सॅन फ्रान्सिस्कोचा संघ २ फेब्रुवारी २०२० रोजीं सुपर बोलच्या अंतिम सामन्यांत कॅन्सस सिटीकडून ३१-२० असा हरला होता. त्यांचा डावा टॅकल जो स्टेली तेरा मोसम खेळून थकला होता. मान व पाठीचा कणा यांच्या दुखण्यानें त्याला निवृत्त व्हावें लागत होतें. साथीमुळें त्या वर्षींची निवड घरोघर यंत्रांसमोर बसून चालली होती. तिच्या शेवटच्या दिवशीं, २५ एप्रिल रोजीं, स्टेलीची निवृत्ति जाहीर झाली आणि त्याच दिवशीं विल्यम्स सॅन फ्रान्सिस्कोला आले. त्यांच्या मोबदल्यांत वॉशिंग्टनला मिळालें काय? त्या वर्षीं पांचव्या फेरींत एक खेळाडू निवडण्याचा हक्क, आणि पुढील वर्षीं तिसऱ्या फेरींतला एक. म्हणजे बाजाराच्या भाषेंत दोन वायदे, आणि तेहि हलक्या प्रतीचे.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ज्या दोन संघांभोंवतीं लुइस यांचा इतिहास फिरतो त्यांच्यांतच हा सौदा झाला. ज्या संघाचा सूत्रधार राखणदार नसल्यामुळें १९८५ सालीं कायमचा जायबंदी झाला, त्याच संघानें पस्तीस वर्षांनीं आपल्या काळच्या उत्तम राखणदारांपैकीं एकाला जाऊं दिलें; आणि ज्या संघाच्या प्रशिक्षकानें राखणदाराची गरज प्रथम ओळखली, त्याच संघानें त्याला घेतलें. यांत दैवाचा कांहीं संकेत पाहण्याचें कारण नाहीं. परंतु ग्रंथाच्या सिद्धांताची परीक्षा घ्यावयाला याहून चांगला प्रसंग शोधूनहि सांपडला नसता.

त्या परीक्षेंत सिद्धांत अर्धा उतरतो. सॅन फ्रान्सिस्कोला एकतीस वर्षांचा, वर्षभर न खेळलेला, नुकताच आजारांतून उठलेला माणूस कां हवा होता, हें लुइस यांचें पुस्तक वाचलेल्या कोणालाहि कळतें. तें पद रिकामें ठेवतां येत नाहीं. परंतु किंमत इतकी कमी कां, याचें उत्तर पुस्तकांत नाहीं. अवघ्या आठ महिन्यांपूर्वीं, ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं, मोसमाच्या अगदीं तोंडावर, ह्यूस्टननें मायामीकडून लॅरेमी टन्सिल हा पंचवीस वर्षांचा डावा टॅकल घेतला होता. त्यासाठीं इतर कांहीं देवघेवीसह पहिल्या फेरींतले दोन हक्क व दुसऱ्या फेरींतला एक हक्क ह्यूस्टननें मोजला. पद तेंच, काम तेंच. पण एका ठिकाणीं घेणारा अडलेला होता, दुसऱ्या ठिकाणीं देणारा. वय, आजार, करारांत उरलेली एकच वर्षाची मुदत, मालक व खेळाडू यांचें फाटलेलें मन, हें सर्व किंमतींत उतरलें. मग २०२१ च्या मार्चमध्यें याच विल्यम्स यांनीं सॅन फ्रान्सिस्कोशीं सहा वर्षांचा, सुमारें १३ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला. फळींतल्या गड्याला तोंवर मिळालेल्या करारांत तो सर्वांत मोठा होता. अकरा महिन्यांत माणूस बदलला नाहीं. त्याची पाठराखण करण्याची विद्या बदलली नाहीं. बदलली ती फक्त परिस्थिति.

मराठींत मोल आणि मूल्य असे दोन शब्द आहेत, आणि ते मुळांत एकच असले तरी व्यवहारांत आपण त्यांची गल्लत सहसा करीत नाहीं. मोल बाजारांत होतें. मूल्य वस्तूच्या अंगीं असतें. लुइस यांच्या पुस्तकांतला तात्त्विक दोष असा कीं, बाजारानें उशिरानें कां होईना पण अखेर खरें मोल ओळखलें, म्हणजेच मूल्य ओळखलें, असें ते धरून चालतात. वोलफर्डचा करार त्यांना न्यायाच्या विजयासारखा वाटतो. विल्यम्स यांचा सौदा दाखवितो कीं, तो न्यायाचा विजय नव्हता. एका दिवसाचा भाव होता. आणि भाव एकाच बाजूला चढून राहिला असेंहि नाहीं. २०२४ च्या एप्रिल महिन्यांत फळींतल्या गड्यांमध्यें सर्वाधिक वार्षिक वेतनाचा करार ज्याला मिळाला, तो डिट्रॉइटचा पेनेइ सूएल उजव्या टोकाचा टॅकल होता. प्रतिपक्षाचे चपळ गडी आतां दोन्ही बाजूंनीं येतात, तेव्हां आंधळी नसलेली बाजूहि महाग झाली.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो या पुस्तकाच्या साहित्यगुणाशीं निगडित आहे. लुइस यांची सारी दृष्टि हेरण्याच्या क्षणावर खिळलेली आहे. आदर्श डाव्या टॅकलचें वर्णन ते करतात तें असें: रुंद बैठक, भरदार मांड्या, लांब हात, मोठे पंजे, आणि हलके पाय. गुरांच्या बाजारांत बैल पारखणाऱ्या शेतकऱ्याची नजर ती हीच. कोवळ्या वयांत असा देह कोणाला सांपडला, हें त्यांच्या कथेचें रहस्य. परंतु मोसमाच्या आधीं जेव्हां एखादा संघ दहा वर्षें खेळलेला गडी मागून घेतो, तेव्हां तो देह घेत नाहीं. मांड्यांची ताकद तर तेव्हां उतरणीला लागलेली असते. तो घेतो तें स्मरण: समोरचा गडी उजवा खांदा पाडतो म्हणजे कोठून येणार, पहिलें पाऊल किती मागें टाकावें, शेजारच्या गार्डला केव्हां हांक द्यावी, कोणत्या फसवणुकीला भुलूं नये. ही विद्या देहाच्या मापांत दिसत नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक काइल शॅनहन हे २०१० ते २०१३ या काळांत वॉशिंग्टनला चालीचें नियोजन पाहत असत. विल्यम्स यांचीं पहिलीं चार वर्षें त्यांनीं रोज पाहिलीं होतीं. तो सौदा मोजपट्टीवर झाला नाहीं, ओळखीवर झाला. आणि पुढें २०२१, २०२२ व २०२३ या तिन्ही मोसमांत, म्हणजे वयाच्या तिशीच्या मध्यावर, विल्यम्स हे सबंध देशांतल्या पहिल्या निवडक संघांत गणले गेले. वॉशिंग्टनला असतांना हा मान त्यांना एकदांहि मिळाला नव्हता.

परिपक्वतेचा हा अध्याय लुइस यांच्या पुस्तकांत नाहीं. त्याचा सूड काळानें ओहर यांच्याच चरित्रांत उगवला. २००९ सालीं बाल्टिमोर संघानें त्यांना तेविसाव्या क्रमांकावर घेतलें. २०१३ च्या फेब्रुवारींत त्या संघानें सुपर बोल जिंकला, तेव्हां ओहर डाव्या टोकाला नव्हते, उजव्या टोकाला होते. आंधळ्या बाजूची राखण ब्रायंट मॅकिनी या तेहतीस वर्षांच्या, दुसऱ्या संघानें सोडून दिलेल्या जुन्या गड्याकडे होती. हेरलेल्या अद्भुत बालकाच्या जागीं टाकून दिलेला प्रौढ उभा होता, आणि संघ जिंकला. ओहर यांचें यांत कांहीं उणें नाहीं. उजवें टोकहि राखावेंच लागतें. उणें आहे तें पुस्तकाच्या मांडणीचें.

येथें लुइस यांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें म्हटलें पाहिजे. लेखकाला भविष्य दिसत नसतें. २००६ च्या पुस्तकाला २०१३ किंवा २०२० चा जाब विचारणें अन्यायाचें आहे, असें कोणी म्हणेल. शिवाय त्यांनीं लिहावयाला घेतला तो एका खेळाचा आर्थिक इतिहास, नीतिशास्त्र नव्हे. पहिला आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून पुढें काय घडलें यावरून त्यांना दोष न देतां, पुस्तक लिहितांना त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतें तेंच पाहूं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. पुस्तकभर त्याच्याविषयीं इतर सर्व बोलतात: शिक्षक बोलतात, प्रशिक्षक बोलतात, टूही कुटुंब पुष्कळ बोलतें. मुलगा फार थोडें बोलतो. लेखक त्याच्या मौनाला स्वभाव म्हणतो. तें मौन कशाचें आहे, हें विचारण्याचें काम लेखकाचें होतें; आणि यजमान आपला बालमित्र असतांना तें काम अधिकच काळजीनें करावयास हवें होतें. दुसऱ्या आक्षेपाचेंहि उत्तर यांतच येतें. केवळ आर्थिक इतिहास लिहावयाचा असता तर मुलाची गरज नव्हती. मुलगा घेतला तो वाचकाचें हृदय हलविण्यासाठीं. मग हृदयाच्या न्यायालयांतहि पुस्तकाला उभें राहिलें पाहिजे.

त्या मुलाला आपण पुस्तकांत "तो" म्हणतों. मराठी वाचकाच्या जिभेवर तेंच एकवचन येतें, कारण लेखक त्याला शेवटच्या पानापर्यंत मोठा होऊं देत नाहीं. परंतु ते मोठे झाले. २०११ सालीं "आय बीट द ऑड्स" हें आत्मचरित्र लिहून ओहर यांनीं आपली बाजू मांडली; चित्रपटानें आपल्याला मंदबुद्धि दाखविलें, खेळ शिकवावा लागला असें दाखविलें, याची खंत त्यांत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं टेनेसींतील न्यायालयांत अर्ज केला. आपल्याला दत्तक घेतलेंच नव्हतें. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर आपले व्यवहार दुसऱ्याच्या हातीं सोंपविणाऱ्या कागदावर आपली सही घेतली गेली, असें त्यांचें म्हणणें होतें. टूही कुटुंबानें गैरव्यवहाराचे आरोप नाकारले. सप्टेंबरमध्यें न्यायाधीशांनीं तें पालकत्व संपुष्टांत आणलें. कोणाचें किती खरें याचा निवाडा करणें हें टीकाकाराचें काम नव्हे. परंतु एक गोष्ट टीकाकाराच्या अधिकारांतली आहे: ज्या कथेचा नायक सदतिसाव्या वर्षीं न्यायालयांत जाऊन तीच कथा निराळी सांगतो, त्या कथेंत त्याचा आवाज मुळांत कमी पडला होता.

आणि येथें ओहर व विल्यम्स यांच्या हकीकती एकमेकींना भेटतात. दोघांचाहि धंदा दुसऱ्याची न दिसणारी बाजू राखण्याचा. स्वतःच्या डोक्याची कातडी माणसाला दिसत नाहीं. स्वतःच्या नांवें झालेल्या कागदाचा अर्थ अठराव्या वर्षीं मुलाला कळत नाहीं. राखणदारालाहि आंधळी बाजू असते, आणि ती त्यानें दुसऱ्यावर विश्वासून सोंपविलेली असते. विल्यम्स यांना जें हवें होतें तें वेतन नव्हतें, निदान केवळ वेतन नव्हतें. या विश्वासाचें काय झालें, एवढेंच त्यांचें विचारणें होतें. बाजाराजवळ या प्रश्नाला उत्तर नसतें. तो एवढेंच सांगूं शकतो कीं, विश्वास तुटलेल्या माणसाचा भाव पांचव्या व तिसऱ्या फेरीच्या दोन वायद्यांइतका पडतो. लुइस यांनीं आंधळ्या बाजूचें रूपक इतक्या कौशल्यानें घडविलें, पण तें राखणदाराकडे वळवून पाहिलें नाहीं. वळविलें असतें तर हें पुस्तक एका धंद्याच्या इतिहासावरून माणसांच्या इतिहासापर्यंत पोंचलें असतें.

मग हें पुस्तक वाचूं नये काय? अवश्य वाचावें. एखादें काम कसें चालतें हें इतक्या स्वच्छ रीतीनें, इतक्या थोड्या पारिभाषिक शब्दांत सांगणारे ग्रंथ थोडे आहेत. सामना पाहतांना चेंडूवरची नजर काढून फळीच्या टोकाकडे नेण्याची संवय या पुस्तकानें पुष्कळांना लावली. आणि पायाच्या दगडाकडे पाहावयाला शिकविणारा लेखक, कळसाचें वर्णन करणाऱ्या दहा लेखकांपेक्षां अधिक कांहीं देतो. २०२४ च्या फेब्रुवारींत विल्यम्स पस्तिसाव्या वर्षीं सुपर बोल खेळले, आणि त्यांचा संघ जादा वेळेंत २५-२२ असा हरला. त्या सामन्यांत त्यांच्याकडे लक्ष ठेवून पाहणारे जे प्रेक्षक असतील, त्यांत लुइस यांचे वाचक बरेच असतील. मात्र तें लक्ष कोठें थांबवावें हें वाचकानें लेखकावर सोंपवूं नये. राखणदार दिसूं लागला म्हणजे त्याचा भाव विचारण्याआधीं त्याची विचारपूस करावी. आपल्या टीकावाङ्मयानेंहि श्रमाविषयींच्या पुस्तकांना हाच प्रश्न प्रथम विचारावा, अशी आमची नम्र सूचना आहे.